निरोप: फाउंड्रीसाठी डेस्कटॉप मेसेजिंग ॲप, कामाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आज बैठक झाली, काम नक्की झालं. एकूण ११ कॉम्प्युटर आहेत, पॅटर्न शॉप (साच्यासाठी लाकडी नमुने करतात ते), मोल्डिंग (साचे करतात ते), भट्टी, फेटलिंग (ओतलेले भाग साफ करतात ते), स्टोअर, डिस्पॅच, वजनकाटा आणि बाकीचे ऑफिसात. सगळे निरोप सध्या फोनवरच्या ग्रुपवर चालतात. भट्टीजवळ फोन नेऊ देत नाहीत, त्यामुळं तिथला माणूस जेवणाच्या सुट्टीत ग्रुप बघतो आणि तोवर दोन हीट (लोखंड वितळवायच्या फेऱ्या) होऊन गेलेल्या असतात. आणि माणूस काम सोडून गेला की त्याच्या फोनबरोबर सगळं जातं, कुठल्या हीटला काय अडचण आली होती ते कुठंच उरत नाही. मालकांचं म्हणणं एवढंच, की इंटरनेट बंद असलं तरी आतल्या आत निरोप पोचायला पाहिजे आणि सहा महिन्यांनी शोधला तर सापडायला पाहिजे.

मी माझ्याकडून एक अट घातली. मराठी आणि कन्नड दोन्ही नीट लिहिता, वाचता आणि शोधता आलं पाहिजे. इथं खानापूरकडची माणसं मराठी, बैलहोंगलकडची कन्नड, बोलताना दोघंही एकमेकांच्या भाषेत सहज बोलतात, पण लिहायची वेळ आली की सगळे इंग्रजी अक्षरांत कायतरी तोडकंमोडकं लिहितात, कारण कॉम्प्युटरवर आपली अक्षरं नीट चालतील याचा भरवसाच कुणाला नाही. तो भरवसा मला द्यायचाय. नाव 'निरोप' ठेवलं.

१९ जून, गुरुवार

कशात बांधायचं हे ठरवण्यात तीन दिवस गेले. वेब टेक्नॉलॉजीच घ्यायची हे आधीपासून नक्की होतं, आम्ही दोघंच आहोत (जोडीदार धारवाडचा, सर्व्हर त्याच्याकडं) आणि विंडोजसाठी वेगळं, लिनक्ससाठी वेगळं लिहीत बसणं आम्हाला जमणार नाही. उरलं इलेक्ट्रॉन की टौरी एवढंच, दोन्ही वेब टेक्नॉलॉजीतून डेस्कटॉप ॲप बनवायची साधनं.

टौरीचं पॅकेज खूप लहान होतं कारण ते ब्राउझर सोबत आणत नाही, मशीनवर असलेलाच वेबव्ह्यू (वेबपान दाखवणारा भाग) वापरतं, विंडोजवर वेबव्ह्यू२, लिनक्सवर वेबकिटजीटीके. पण म्हणजे दोन वेगळी इंजिनं झाली आणि देवनागरी-कन्नडची प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची. इलेक्ट्रॉन प्रत्येक ॲपसोबत अख्खं क्रोमियम (क्रोमच्या मुळाशी असलेला ब्राउझर) आणि नोड (ब्राउझरबाहेर, थेट मशीनवर जावास्क्रिप्ट चालवणारं) बांधून देतं, जड आहे हे खरंय, पण सगळ्या मशीनवर अक्षर तसंच दिसणार. २०१३ मध्ये गिटहबनं ॲटम एडिटरसाठी ते 'ॲटम शेल' म्हणून सुरू केलं, २०१५ मध्ये नाव इलेक्ट्रॉन झालं, आणि स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नल डेस्कटॉप ही निरोपांचीच ॲप त्याच्यावर उभी आहेत, म्हणजे आमच्या अडचणी कुणीतरी आधी सोसलेल्या असणार. इलेक्ट्रॉन घेतलं.

एक खोडा आहे. वजनकाट्याच्या मशीनवर विंडोज ७ आहे आणि काट्याचं सॉफ्टवेअर दुसरीकडं चालत नाही. इलेक्ट्रॉन २२ हे विंडोज ७ वर चालणारं शेवटचं व्हर्जन, त्याच्या आतलं क्रोमियम १०८, आणि त्याला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. दहा मशीनवर नवं आणि एकावर जुनं असं मी करणार नाही. त्या टेबलावर स्टोअरमध्ये पडून असलेला दुसरा सीपीयू ठेवायचा, त्याच्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायचं आणि निरोप त्याच्यावर. लिनक्सचा बिल्ड निघतोच आपला, इथंच तो कामाला येतोय.

२८ जून, शनिवार

सांगाडा उभा राहिला. मेन प्रोसेस (मागचं सगळं काम), रेंडरर (समोरची खिडकी), प्रीलोड (दोघांमधला दुवा), ठरलेली वाट. नोडची दारं रेंडररला बंद, प्रीलोडमधून फक्त सहा फंक्शन बाहेर दिली, त्यापलीकडं खिडकीतल्या कोडला काहीच दिसत नाही.

पहिल्यांदा मी सॉकेट (सर्व्हरशी सतत चालू राहणारी जोडणी) रेंडररमध्येच उघडला होता, साध्या वेबपेजसारखा. खिडकी मिनिमाइझ करून ठेवली की थोड्या वेळानं कनेक्शन तुटायचं आणि सर्व्हर म्हणायचा हा माणूस गेला. पाच मिनिटं खिडकी लपलेली राहिली की क्रोमियम तिचे टायमर मिनिटाला एकदाच चालवतं, ब्राउझरमध्ये बॅटरी वाचवायला ते बरोबर आहे, पण आमची 'मी आहे, मी आहे' अशी खूण दर २० सेकंदांनी जायची होती ती अडकून पडायची. टायमर असे मंद करणं (थ्रॉटलिंग) बंद करायची सेटिंग आहे, पण मी सॉकेटच मेन प्रोसेसमध्ये हलवला. निरोप आणणं-नेणं खिडकीच्या मागं, खिडकीनं फक्त दाखवायचं. आता खिडकी बंद केली तरी ट्रेमध्ये चालू राहतं.

५ जुलै, शनिवार

स्टोअरमधल्या काकांच्या शेजारी बसून दोन तास नुसतं बघितलं. काका फोनेटिक कीबोर्डवर लिहितात, इंग्रजीत अक्षरं टाकली की खाली मराठी शब्दांची यादी येते, त्यातला निवडायला ते एंटर दाबतात. आणि आमच्याकडं एंटर म्हणजे पाठव. काका 'बेंटोनाइट (साच्याच्या मातीत मिसळायची चिकणमाती) संपत आलंय' असं लिहीत होते, 'संपत' पर्यंत आले, एंटर दाबला, शब्दही आला आणि निरोप पण गेला. मोल्डिंगला अर्धवटच दिसलं. तिकडून फोन आला, संपत आला की संपला? काका म्हणाले, "मी कुठं पाठवलं अजून, लिहायलोय की."

चूक पूर्ण आमचीच. शब्द अजून बनतोय की नाही हे ब्राउझर सांगतो, बटण दाबल्याच्या इव्हेंटमध्ये 'इज-कम्पोझिंग' खरं असलं तर तो एंटर शब्दाचा आहे, निरोपाचा नाही, हात लावायचा नाही. एका ओळीची दुरुस्ती झाली. मी स्वतः इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर लिहितो, तिथं अक्षर थेट उमटतं, त्यामुळं माझ्या मशीनवर हे कधी दिसलंच नसतं. डिस्पॅचच्या अक्का पण इन्स्क्रिप्टवाल्या, त्यांनाही काही जाणवलं नव्हतं.

१२ जुलै, शनिवार

चार दिवस पावसानं उसंत दिली नाही. दिवसातून चारपाचदा लाईट जाते-येते. सर्व्हरला यूपीएस आहे, बाकी मशीनला नाही. म्हणून पहिल्यापासून असं ठरवलंय की निरोप आधी मशीनवरच्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहायचा, मग पाठवायचा. प्रत्येक निरोपाला तिथंच एक युनिक आयडी मिळतो, सर्व्हरची पोच आली की एक टिक. पोच यायच्या आधी लाईट गेली तर मशीन सुरू झाल्यावर तोच निरोप परत जातो आणि सर्व्हरकडं तो आयडी असला तर सर्व्हर दुसरी प्रत टाकून देतो. चार दिवसांत एकही निरोप हरवला नाही, एकही दोनदा आला नाही, हे मी नोंदी काढून मोजलं. आनंद झाला मला.

पण पॅटर्न शॉपचं मशीन काही केल्या जोडलं जाईना. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, सर्व्हर दुसऱ्या मशीनवरून लागतोय. लॉग उघडला तर लिहिलेलं, सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही. आमचं सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारं) जूनमधलं, मग लागू कसं नाही? तेवढ्यात खाली उजव्या कोपऱ्यात नजर गेली, तारीख १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सेल मेला होता, लाईट गेली की घड्याळ दरवेळी तिथंच जाऊन बसायचं, आणि २००९ मध्ये उभं राहून बघितलं तर २०२५ चं सर्टिफिकेट उगवलेलंच नाही. सीआर२०३२ सेल, नाण्याएवढा. जवळच्याच दुकानातून आणला, झाकण उघडलं, आत भुशाचा बोटभर थर (पॅटर्न शॉप आहे, लाकूडच कापतात), फुंकून सेल बसवला, तारीख लावली, जोडलं गेलं.

१३ जुलै, रविवार

कालचं संपलेलं नव्हतं. तारीख चुकलेली असताना पॅटर्नवाल्यांनी सात निरोप लिहून ठेवले होते, ते घड्याळ लागल्यावर गेले खरे, पण त्यांच्यावर वेळ २००९ ची. मी यादी पाठवणाऱ्याच्या वेळेनं लावत होतो, त्यामुळं ते सात निरोप सगळ्यांच्या आधी, पार वर, जिथं कुणी कधी बघायला जाणार नाही तिथं जाऊन बसले. त्यातला एक होता, "नवीन पॅटर्नची कोअर प्रिंट २ मिमीनं वाढवलीय, जुनी वापरू नका." कोअर प्रिंट म्हणजे साच्यात कोअर बसायची जागा. मोल्डिंगनं तो निरोप वाचला नाही. तोंडी कळलं म्हणून बरं, नाहीतर कास्टिंग (ओतलेले भाग) वाया गेली असती.

आता क्रम सर्व्हर देतो. निरोप सर्व्हरवर पोचला की त्याला वाढता आकडा, यादी त्या आकड्यानंच. पाठवणाऱ्याची वेळ बारीक अक्षरात दिसते, आणि ती सर्व्हरच्या वेळेपासून १० मिनिटांहून जास्त लांब असली तर पिवळी होते. मशीनचं घड्याळ खरं धरायचं नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

२६ जुलै, शनिवार

डिस्पॅचच्या मशीनला ४ जीबी रॅम. अक्कांची तक्रार, "निरोप उघडला की टॅली रडतंय बघा." टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर आमच्या सगळ्या प्रोसेस मिळून ९०० एमबी. हे माफ करण्यासारखं नाही, इलेक्ट्रॉन जड म्हणून सोडून द्यायचं कामच नाही, कारण बघितलं तर त्यातलं निम्म्याहून जास्त आमचं होतं.

कास्टिंगचे फोटो. फाईल ३ एमबीची असते म्हणून मी निर्धास्त होतो, पण दाखवताना फोटो उलगडतो, ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एकेक फोटो ४ कोटी ८० लाख बाइट. आठ-दहा फोटो एका पडद्यावर आले की झालंच. आता सर्व्हरच ३२० पिक्सेलची छोटी प्रत करून ठेवतो, यादीत तीच, क्लिक केलं तरच मोठा फोटो आणि बंद केला की तो सोडून द्यायचा. शिवाय जुने सगळे निरोप एकदम पानावर न मांडता दिसतात तेवढेच मांडतोय. आता २४० च्या आसपास राहतं. अजून कमी व्हावं असं वाटतं, पण टॅली आणि निरोप दोन्ही उघडे ठेवून अक्कांनी अर्धा दिवस चलनं काढली.

९ ऑगस्ट, शनिवार

आजचा दिवस शोधण्यात गेला, आणि या कामाचं मोल मला तरी सगळ्यात जास्त वाटतं.

शोधायला एसक्यूलाइटचं एफटीएस५ (मजकुरात शब्द शोधायची सोय) वापरलंय. इंग्रजीत मस्त चाललं, हीट नंबर टाकला की लगेच. मोल्डिंगच्या साहेबांनी 'माती' शोधलं, मातीतला ओलावा वाढलाय असा जूनमधला निरोप पाहिजे होता. तो मिळाला, पण त्याच्यासोबत 'ड्रॉइंगवरची मिती बघा' आणि 'मे ते जूनची बिलं' हे पण आलं. कॅन्टीनवाल्यानं 'पोहे' शोधलं तर 'उद्या पाहू' असलेले सगळे निरोप. साहेब म्हणाले, "हे मराठीत चालत नाही काय?" हे वाक्य मला लागलं, कारण नेमकं हेच मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

रात्री घरी अनगोळला येऊन उकललं. एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरं आणि आकडे शब्दाचा भाग मानतो, बाकी सगळं शब्द तोडायची जागा. आता युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) आपल्या काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत ही 'अक्षर' या वर्गात नाहीतच, त्यांचा वर्ग वेगळा, 'मार्क'. म्हणजे 'माती'चे त्यानं दोन शब्द केले, म आणि त. 'मिती' पण म आणि त. 'मे ते' पण म आणि त. सगळ्या मात्रा गळून नुसता सांगाडा उरला आणि सांगाडे जुळले. 'बेळगाव'चं काय झालं बघितलं: ब, ळग, व. आपल्या गावाचं नाव असं तीन तुकड्यांत पडलेलं बघून वाईट वाटलं.

उपाय त्याच टोकनायझरमध्ये आहे, 'कॅटेगरीज' म्हणून सेटिंग असते, त्यात मार्कचे एमएन आणि एमसी हे दोन वर्ग पण शब्दाचे धर म्हणून सांगायचं. टेबल नव्यानं बांधलं. 'माती' शोधली, माती मिळाली, मिती गेली. कन्नडच्या मात्रा पण त्याच वर्गातल्या, त्यामुळं एकाच ओळीत दोन्ही भाषा सुधारल्या.

१० ऑगस्ट, रविवार

पुढची पायरी. 'साचा' शोधलं की 'साचा' मिळतो पण 'साच्यात भेग' मिळत नाही. आपल्याकडं शब्द वाक्यात गेला की त्याचं रूप बदलतं, साचा, साचे, साच्यात, साच्याला, त्यामुळं 'साचा'नं सुरू होणारे शब्द शोधून भागत नाही. शेवटचा काना काढून 'साच'नं सुरू होणारं सगळं आणतोय. त्यात 'भट्टीजवळ पाणी साचलंय' पण येतं. येऊदे. एखादा जास्तीचा आला तर माणूस नजरेनं टाळतो, हवा तो आलाच नाही तर तो परत शोधायलाच येत नाही.

'ऱ' चं पण निस्तरलं. 'दुसऱ्या' हा शब्द तीन तऱ्हेनं साठवलेला सापडला, कुणाचा ऱ एकसंध, कुणाचा र आणि खाली नुक्ता (टिंब), आणि कुणाचा र-हलंतानंतर न दिसणारं जोडचिन्ह. पहिले दोन एनएफसीनं (युनिकोडच्या एकरूप करायच्या ठरलेल्या पद्धतीनं) एक होतात, तिसरा होत नाही, तो हातानं बदलावा लागतो. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडं एकाच रूपात आणतोय. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून कुणाला कळत नाही आणि शोध मात्र फसतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

बुधवारी गणपती बसणार, त्याच्या आधी पाच मशीनवर पक्कं बसवायचं म्हणून बारीकसारीक सगळं आज उरकलं. विंडोजवर नोटिफिकेशन येत नव्हतं, ॲपची ओळख म्हणजे ॲप युझर मॉडेल आयडी दिला नव्हता. दोनदा डबल क्लिक केलं की 'निरोप' ॲप दोनदा उघडायचं, आता एकदाच. एवढंच.

सुरक्षेवर मात्र जास्त वेळ घातला. निरोपाचा मजकूर कुठंही एचटीएमएल (वेबपानाचा कोड) म्हणून पानात ओतायचा नाही, नुसता मजकूर म्हणूनच. मे २०१८ मध्ये सिग्नल डेस्कटॉपमध्ये हीच फट निघाली होती, आलेल्या निरोपातलं एचटीएमएल खिडकीत चालायचं, त्यांनी लगेच बुजवली. आणि वेबपेजपेक्षा इथं धोका मोठा, कारण खिडकीच्या मागं नोड बसलेलं असतं, म्हणजे अख्खं मशीन. लिंक आली तर फक्त एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, ती पण बाहेरच्या ब्राउझरमध्ये. इलेक्ट्रॉनचं नवं मेजर व्हर्जन साधारण ८ आठवड्यांनी येतं आणि सपोर्ट शेवटच्या तिघांनाच, म्हणून दर दोन महिन्यांनी अपडेटचा एक दिवस मालकांकडून कागदावर घेतला. पैसे थोडे जास्त लागतील म्हटलं, त्यांनी मान्य केलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

वजनकाट्याच्या डेबियनवर कन्नड निरोप म्हणजे नुसते चौकोन. विंडोजवर निर्मला यूआयमध्ये दोन्ही लिप्या असतात म्हणून तिथं कधी दिसलं नाही. नोटोचे देवनागरी आणि कन्नड दोन्ही फॉन्ट आता ॲपसोबतच देतोय. ओळीची उंची पण वाढवली, १.२ वर आपला रफार आणि वेलांटी वरून कापली जायची आणि कन्नडची ओत्तक्षरं (खाली लागणारी जोडाक्षरं) खालून. आता १.६. दोन्ही भाषेच्या माणसांना बोलावून मोठ्यानं वाचायला लावलं, कुठं अडखळतात ते बघितलं.

मराठी निरोपाला भाषा मराठी अशी खूण पण लावतोय, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं त्यामुळं ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. अक्कांनी न सांगता ओळखलं, "ल बदलला की हो."

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. भट्टी बंद, सगळी मशीनं धुऊन-पुसून त्यांना झेंडूच्या माळा, सर्व्हरच्या सीपीयूला पण हळदकुंकू लागलं. आज काम नाही म्हणून काका, अक्का आणि बैलहोंगलकडचा भट्टीवाला असे तिघं एका टेबलावर मिळाले आणि महिनाभर मनात होतं ते सुरू केलं, शब्दांची वही.

शोध आता दोन्ही भाषेत नीट चालतो, पण मराठीत शोधलं की मराठीच सापडतं. भट्टीवाल्यानं कन्नडमध्ये मरळु लिहिलेलं असतं आणि साहेब माती शोधतात. म्हणून जोड्या लावतोय, एक शब्द शोधला की दुसराही शोधायचा. माती-मरळु, साचा-अच्चु, लोखंड-कब्बिण, वजन-तूक. पेटीला पेट्टिगे म्हणाला तेव्हा काका हसले, "हे तर एकच झालं की." पण माती शब्दावर दोघांचं जुळेना, भट्टीवाला म्हणाला मरळु म्हणजे वाळू, माती ती मण्णु, आणि काका म्हणाले आमच्याकडं साच्याची वाळू असली तरी तिला मातीच म्हणतात. दोन्ही लिहून घेतलं, तिन्ही शब्द एका ओळीत. ४१ ओळी झाल्या, काकांच्या अक्षरात मराठी, भट्टीवाल्याच्या अक्षरात कन्नड. त्या मी रात्री टेबलात भरल्या, 'माती' टाकून बघितलं, जूनमधलाच एक कन्नड निरोप वर आला, ओलाव्याचाच, जो साहेबांना तेव्हा दिसलाच नव्हता.

फेटलिंगची पोरं आज पूजा करून लवकर गेली, उद्या दसरा. परवा गेलो की कास्टिंगच्या कडेला जे पातळ लोखंड सुटतं त्याला ती कन्नडमध्ये काय म्हणतात ते विचारायचं, वहीत ती ओळ अर्धी कोरी आहे.